पतनोंदीचे कुलूप

शेतकऱ्याचे भांडवल म्हणजे केवळ जमीन, बैलजोडी आणि अवजारे नव्हेत. त्याची पत हेही त्याचे भांडवलच होय. हातात रोकड नसताना मृगापूर्वी बियाणे घरात येते, खताची पोती गोठ्याच्या ओट्यावर पडतात, विहिरीवर नवा पंप बसतो, ते या पतीच्या बळावर. जमिनीला बांध असतो, पिकाला कुंपण असते आणि धान्याच्या कोठीला कुलूप असते. पतीला मात्र असे कोणतेच कुंपण दिसत नाही. म्हणून ती चोरीला जाऊ शकते, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही.

समजा, कोरडवाहू भागातील एक शेतकरी मे महिन्याच्या अखेरीस ठिबक संचासाठी कर्ज मागावयास बँकेत गेला. त्याचा सात-बारा स्वच्छ आहे, सोसायटीचे येणे नसल्याचा दाखला हाती आहे, मागील पीककर्जही मुदतीत फेडलेले आहे. परंतु बँकेतील अधिकारी संगणकात पाहून सांगतो की, त्याच्या नावावर दुसऱ्या जिल्ह्यातील एका दुचाकीचे कर्ज थकले आहे. शेतकऱ्याने तर जन्मात दुचाकी घेतलेली नाही! कोणत्या तरी कामासाठी दिलेल्या आधारपत्राच्या आणि पॅनच्या छायाप्रती कोणाच्या तरी हाती पडल्या आणि त्या कागदांवर दुसऱ्याने कर्ज उचलले. आता ही नोंद खोटी आहे, हे पटवून देण्याचे काम मात्र या शेतकऱ्याच्या माथी येते. ते पुरे होईपर्यंत पाऊस थांबत नाही, आणि पेरणीची वेळ एकदा गेली म्हणजे ती त्या वर्षी परत येत नाही.

असे प्रसंग टाळण्यासाठी अमेरिकेत पतनोंदीला कुलूप लावण्याचा हक्क ग्राहकास कायद्याने देण्यात आला आहे. तो हक्क काय आहे, त्याची मर्यादा कोणती, आणि आपल्याकडील शेतकऱ्यास आज कोणते हक्क उपलब्ध आहेत, याची माहिती ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

सावकाराची चोपडी आणि आजची पतनोंद

कर्जाची नोंद कोणाच्या ताब्यात असावी आणि ती ऋणकोला पाहावयास मिळावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. लोकांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या वह्यांवर होता. ते कागद हिसकावून घेऊन जाळण्यात आले. चोपडी सावकाराच्या घरात असे. तीत काय लिहिले आहे, हे शेतकऱ्यास कळत नसे आणि फेडलेली रक्कम जमा झाली की नाही, हेही त्यास ठाऊक नसे. त्यातून हा रोष निर्माण झाला होता.

या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा करण्यात आला. रक्कम भरल्याची लेखी पावती मिळणे, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मिळणे आणि मागितल्यास खातेपुस्तकात हिशेब भरून मिळणे, हे शेतकरी ऋणकोचे हक्क या कायद्याने मान्य केले. आपल्या नावावर काय लिहिले आहे ते पाहण्याचा अधिकार ऋणकोस आहे, हे तत्त्व त्यामुळे या भूमीत दीडशे वर्षांपूर्वीच कायद्याच्या पुस्तकात आले.

आजची चोपडी सावकाराच्या घरात नसून पतमाहिती कंपन्यांच्या संगणकांत आहे. भारतात अशा चार कंपन्या भारतीय रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. यांपैकी सिबिलची स्थापना २००० साली झाली आणि सर्वांत जुनी म्हणून तिचे नाव लोकांच्या तोंडी बसले. गावात ‘सिबिल खराब झाले’ असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ पतनोंद बिघडली एवढाच असतो.

बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या आणि लघुवित्त देणाऱ्या संस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या कंपन्यांना कळवितात. कर्ज किती, केव्हा घेतले, हप्ते वेळेवर आले की नाही, खाते बंद झाले की थकले, हे सर्व त्यात येते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान पंधरवड्यातून एकदा ताजी करणे बंधनकारक झाले आहे. या माहितीवरून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक गुणांक काढला जातो. गुणांक जितका वर, तितकी पत चांगली समजली जाते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहिल्यास त्या कर्जाची नोंद जामीनदाराच्या पतनोंदीतही होते. भाऊबंदकीत किंवा मैत्रीखातर केलेली सही पुढे स्वतःच्या कर्जाच्या आड येऊ शकते. त्याचप्रमाणे बचत गटातील भगिनींनी लघुवित्त संस्थांकडून घेतलेली कर्जेही त्यांच्या वैयक्तिक नावावर नोंदली जातात.

पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नये, अशी सूचना राज्य शासनाने बँकांना केलेली आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीतही मुख्यमंत्र्यांनी ती स्पष्टपणे दिली. तथापि ट्रॅक्टर, पंप, गोठा, घर किंवा मुलांचे उच्च शिक्षण यांसाठी कर्ज मागताना ही नोंद पाहिली जातेच. म्हणून ती निर्मळ राखण्यावाचून गत्यंतर नाही.

अमेरिकेतील कुलूप

अमेरिकेत पतनोंदीविषयीचा मुख्य कायदा १९७० साली झाला. त्याने ग्राहकास आपली नोंद पाहण्याचा आणि चुकीच्या नोंदीस हरकत घेण्याचा हक्क दिला. परंतु पुढे दुसऱ्याच्या नावाने कर्ज उचलण्याचे प्रकार वाढू लागले. तेव्हा चूक झाल्यावर ती दुरुस्त करण्यापेक्षा ती होऊच नये, यासाठी उपाय हवा, असा विचार पुढे आला. कॅलिफोर्निया राज्याने २००१ साली पतनोंद गोठविण्याचा हक्क देणारा कायदा केला आणि हळूहळू इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. मात्र अनेक राज्यांत कुलूप लावण्यास आणि काढण्यास शुल्क पडत असे.

सप्टेंबर २०१७ मध्ये तेथील तीन मोठ्या पतमाहिती कंपन्यांपैकी इक्विफॅक्स या कंपनीने आपल्या संगणकांतून ग्राहकांची माहिती चोरीस गेल्याचे जाहीर केले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यात होती. ज्या संस्थेने नोंद जपावयाची तिच्याकडूनच ती फुटली, आणि तरी कुलपासाठी पैसे ग्राहकानेच मोजावेत, हे लोकांस अन्यायाचे वाटले. पुढील वर्षी मे महिन्यात देशव्यापी कायदा झाला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून पतनोंदीस कुलूप लावणे व काढणे सर्व ग्राहकांसाठी विनामूल्य झाले.

या कुलपाचे काम समजण्यास अगदी सोपे आहे. कर्ज देणारी संस्था अर्जदाराची पतनोंद पाहिल्याशिवाय सहसा कर्ज देत नाही. ग्राहकाने कुलूप लावले म्हणजे नव्याने कर्ज देऊ पाहणाऱ्या संस्थेस ती नोंद दिसत नाही. भामट्याने कितीही हुबेहूब कागद सादर केले, तरी त्याचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. ग्राहकाने दूरध्वनीने किंवा संगणकाद्वारे मागणी केल्यास कंपनीने कामकाजाच्या एका दिवसात कुलूप लावले पाहिजे. टपालाने मागणी आल्यास तीन दिवसांची मुदत आहे. ग्राहकास स्वतःला कर्ज हवे असेल, तेव्हा दूरध्वनी किंवा संगणकाद्वारे सांगताच एका तासात ते काढावे लागते. सोळा वर्षांखालील मुलांच्या वतीने त्यांचे पालकही अशी मागणी करू शकतात. कारण मुलांच्या नावे काढलेले कर्ज वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही.

कुलूप लावल्याने ग्राहकाचा गुणांक घटत नाही आणि त्याची चालू कर्जे किंवा खातीही अडत नाहीत. ज्या संस्थेचे कर्ज आधीच चालू आहे, तिला नोंद पाहता येते.

कुलपाच्या मर्यादा

कोणताही उपाय सर्व रोगांवर चालत नाही. एकच फवारणी मावा आणि करपा या दोहोंवर सारखी लागू पडत नाही, तसेच हेही आहे. अमेरिकेतील कुलूप तिन्ही कंपन्यांकडे स्वतंत्रपणे लावावे लागते. एका दारास कडी घातली आणि दुसरे उघडे राहिले, तर चोर दुसऱ्या दाराने येतो. शिवाय हे कुलूप केवळ नव्या कर्जास अडविते. आधीपासून असलेल्या बँक खात्यातून कोणी पैसे काढून घेतले, तर त्यास ते प्रतिबंध करू शकत नाही. आणि जी संस्था पतनोंद न पाहताच कर्ज देते, तिच्या बाबतीत ते निरुपयोगी ठरते.

ही शेवटची मर्यादा आपल्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. येथे पुष्कळ व्यवहार ओळखीवर, सात-बाऱ्यावर आणि कागदांच्या छायाप्रतींवर होतात. म्हणून पतनोंदीस कुलूप मिळाले तरी कागद सांभाळण्याची जबाबदारी संपणार नाही.

आपल्याकडील हक्क

भारतात पतमाहिती कंपन्यांचे नियमन २००५ च्या कायद्याने होते. हा कायदा डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. पतनोंदीस कुलूप लावण्याचा अमेरिकेसारखा विनामूल्य हक्क या कायद्यात लिहिलेला नाही. तथापि अधिकाराविना कोणाचीही पतमाहिती पाहणे हा त्यानुसार दंडनीय अपराध आहे, आणि रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी दिलेल्या आदेशांमुळे ग्राहकास पुढील हक्क प्राप्त झाले आहेत.

पहिला हक्क नोंद पाहण्याचा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो. कंपन्या चार आहेत, म्हणजे वर्षात चार अहवाल विनामूल्य मिळू शकतात. ते एकाच वेळी मागविण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून मागविल्यास वर्षभर नजर राहते. हे अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळतात. याकरिता कोणासही पैसे देण्याचे कारण नाही.

दुसरा हक्क इशारा मिळण्याचा. एखाद्या बँकेने किंवा वित्त कंपनीने ग्राहकाची पतनोंद पाहिली, तर पतमाहिती कंपनीने त्यास मोबाईलवर किंवा ई-मेलने कळविले पाहिजे. ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ मधील आदेशाने आली असून एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्ज मागितले नसताना असा संदेश आला, तर आपल्या नावाने दुसऱ्याच कोणी अर्ज केला आहे, अशी शंका घ्यावी. परंतु नोंदीत जो मोबाईल क्रमांक असेल, त्यावरच हा संदेश येतो. क्रमांक बदलला आणि बँकेस कळविला नाही, तर इशारा भलत्याच्या हाती पडेल. म्हणून बँकेत चालू क्रमांक नोंदविणे हे या बाबतीतील पहिले काम होय.

तिसरा हक्क दुरुस्तीचा. नोंद चुकीची असल्यास पतमाहिती कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे तक्रार करावी. तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये याप्रमाणे भरपाई तक्रारदारास मिळावयाची आहे. पतमाहिती कंपनी स्वतःच्या मर्जीने नोंद बदलू शकत नाही. ज्या संस्थेने ती पाठविली, तिने दुरुस्त माहिती पाठवावी लागते आणि त्यासाठी तिला २१ दिवसांची मुदत आहे. ही मुदत तिने चुकविल्यास भरपाई तिनेच द्यावयाची असते.

चौथा हक्क वर दाद मागण्याचा. तक्रारीची दखल घेतली गेली नाही किंवा उत्तर समाधानकारक मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

अहवाल हाती आल्यावर केवळ गुणांक पाहून थांबू नये. नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता बरोबर आहे काय, ते पाहावे. प्रत्येक कर्जखाते आपलेच आहे काय, फेडलेले कर्ज बंद दाखविले आहे काय, कर्जमाफीत निकालात निघालेले खाते अजून थकीत दिसते काय, आणि आपण जामीन असलेल्या कर्जाची स्थिती काय, हे एकेक करून तपासावे. शेवटी कोणकोणत्या संस्थांनी आपली नोंद पाहिली, त्यांची यादी असते. तीत अनोळखी नाव आढळल्यास चौकशी करावी.

आधारचे कुलूप

पतनोंदीचे कुलूप आपल्याकडे हक्क म्हणून नसले, तरी बोटांच्या ठशांचे कुलूप मात्र प्रत्येकास उपलब्ध आहे, आणि ते विनामूल्य आहे. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाईलवरील आधार अॅपमधून ठसे, डोळ्यांची बुबुळे व चेहरा यांच्या वापरास कुलूप लावता येते. त्यानंतर आपल्या ठशांची कोणी नक्कल केली तरी त्यावर ओळख पटत नाही. जमिनीच्या दस्तांवर उमटलेल्या ठशांवरून बनावट ठसे तयार करून खात्यातील पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. त्या दृष्टीने हा उपाय उपयोगी आहे. याविषयी माहिती हवी असल्यास १९४७ या क्रमांकावर विचारावे.

मात्र एक अडचण ध्यानात घ्यावी. कुलूप असताना रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा चालणार नाही आणि अंगठ्यावर पैसे काढणेही होणार नाही. अशा कामापूर्वी कुलूप तात्पुरते काढावे लागते, आणि त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल जवळ लागतो. ज्या घरी एकच मोबाईल असून तो मुलाकडे शहरात आहे, तेथील वृद्धांनी विचार करूनच हे कुलूप लावावे. नाही तर चोराऐवजी घरधन्यासच दाराबाहेर उभे राहावे लागेल.

ग्रामकार्यकर्त्यांचे कार्य

नियम कितीही चांगले असले, तरी ते गावाच्या चावडीपर्यंत पोहोचल्याविना त्यांचा उपयोग नाही. बियाण्यांच्या उगवणशक्तीची चाचणी पेरणीपूर्वी घ्यावी, हे आता बहुतेक शेतकऱ्यांस पटले आहे. पतनोंदीची चाचणीही तशीच कर्ज मागण्यापूर्वी व्हावयास हवी. याकरिता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे खरिपाच्या कर्जाची धांदल सुरू होण्यापूर्वी, गावात पतअहवाल पाहण्याचा कार्यक्रम ठेवावा. चूक आढळली तर दुरुस्तीस ३० दिवस मिळतात आणि मृगापूर्वी काम उरकते.

२. अहवाल ज्याचा त्यानेच पाहावा. कार्यकर्त्याने वाचण्यास साहाय्य करावे, परंतु कोणाचा ओटीपी स्वतःकडे घेऊ नये आणि कोणाची नोंद चारचौघांत वाचू नये. पत ही अब्रूची बाब आहे.

३. आधार किंवा पॅनची छायाप्रत देताना तीवर कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली, हे आडवे लिहून सही करण्याची सवय लोकांस लावावी. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालत असेल, तेथे तीच द्यावी.

४. कर्ज फिटल्यावर बँकेकडून येणे नसल्याचा दाखला घ्यावा आणि सात-बाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घ्यावा. दोन्ही कागद घरी जपून ठेवावेत.

५. जामीन राहण्यापूर्वी ते कर्ज स्वतःचेच आहे, असे समजून विचार करण्यास सांगावे.

६. ‘सिबिल एका दिवसात सुधारून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून लोकांस सावध करावे. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास पैसे पडत नाहीत.

७. कोणाच्या नावे खोटे कर्ज निघाल्यास त्याने त्याच दिवशी संबंधित बँकेस लेखी कळवावे, पोहोच घ्यावी आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. खात्यातून पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

अमेरिकेतील ग्राहकास कुलपाचा हक्क मिळण्यास पहिल्या राज्याच्या कायद्यापासून देशव्यापी विनामूल्य व्यवस्थेपर्यंत सतरा वर्षे लागली, आणि तोही एवढी मोठी चोरी झाल्यावर मिळाला. आपल्याकडे असा हक्क पुढे येवो वा न येवो, आज जे हक्क हाती आहेत त्यांचा वापर करण्यास कोणाची आडकाठी नाही. दीडशे वर्षांपूर्वी या भागातील शेतकऱ्यास आपल्या नावाची चोपडी पाहता येत नव्हती, म्हणून त्याने ती जाळली. आज ती मागितल्यास विनामूल्य मिळते. ती वर्षातून एकदा तरी उघडून पाहणे, एवढेच शेतकरी बंधू-भगिनींनी करावयाचे आहे.